अगंबाई, आता वकीलसुद्धा!

इंजिनियर परदेशी गेला तर हल्ली शेजारीसुद्धा मान वर करून बघत नाहीत. डॉक्टर जातात, नर्स जातात, हॉटेल मॅनेजमेंटवाले जातात. कीर्तनकारही न्यू जर्सीला सप्ताह करून येतात. पण वकील? ज्याचं सगळं भांडवल म्हणजे इथला सातबारा, इथला बेलीफ, इथली तारीख आणि इथल्या साक्षीदाराची उलटतपासणी, तो वकील बॅग भरून निघाला लंडनला? काय म्हणावं या कलियुगाला!

आणि एखाददुसरा नाही हो, साथच आली आहे. आमच्या पुण्याच्या बाररूममध्ये पूर्वी चहाबरोबर कुठल्या साहेबांनी कुणाला झापलं, कुणाच्या अशिलाने फी बुडवली, असे सात्त्विक विषय चालायचे. आता ज्युनिअर पोरं कोपऱ्यात बसून कुजबुजतात काय, तर "तुझं एसक्यूई वन झालं का?", "मी जुलैचं न्यूयॉर्क बार देतेय", "एनसीएने मला किती पेपर लावलेत माहितीये?" परवा एकीच्या तोंडून "प्रीस्टली इलेव्हन" असं निघालं, तर आमचे एक सीनियर कौतुकाने म्हणाले, "वा, कुठल्या क्लबची टीम?" ऑस्ट्रेलियात वकील व्हायचं तर जे अकरा विषय झालेले असावे लागतात, त्यांना म्हणतात ते, हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उरलेला चहा तसाच सोडला.

लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. एका मैत्रिणीच्या मुलीसाठी आलेला बायोडाटा मी या डोळ्यांनी पाहिला. उंची, गोत्र, नाडी आणि त्याखाली ठळक अक्षरांत: 'ॲडव्होकेट (महाराष्ट्र), ॲटर्नी (न्यूयॉर्क)'. मुलगा राहतो सिंहगड रोडला, नोकरी बाणेरच्या एका कंपनीत, काम करार तपासण्याचं. मैत्रिणीने साधेपणाने विचारलं, "मग न्यूयॉर्कला कधी जाणार?" मुलाची आई फणकारली, "जायलाच पाहिजे असं कुठंय?" आणि गंमत म्हणजे ती माउली बरोबर बोलत होती! न्यूयॉर्क राज्याची सनद घ्यायला तिथे राहावं लागत नाही. परीक्षेला जायचं, शपथ घ्यायला जायचं (बाहेरच्या उमेदवारांची ही शपथ साधारणपणे ऑल्बनीला होते) आणि घरी येऊन प्रमाणपत्र दिवाणखान्यात टांगायचं. पुढे दर दोन वर्षांनी ३७५ डॉलर नोंदणी फी भरली की झालं. म्हणजे सत्यनारायण सिंहगड रोडला आणि सनद हडसन नदीच्या काठची!

आता ही वार्ता पसरते कुठून, तर सेमिनारमधून. भाचीला सोबत म्हणून मी एकाला जाऊन आले. तारांकित हॉटेलचा हॉल, दारात हसतमुख मुलगी, कापडी पिशवी, पेन, वाफाळती कॉफी. पहिल्या स्लाइडवर लाल-पिवळ्या पानांची झाडं आणि त्याखाली पुस्तक वाचणारी तीन वेगवेगळ्या खंडांतली मुलं. दुसऱ्या स्लाइडवर एकच आकडा: २,२५,००० डॉलर. न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या वकिलाचा वार्षिक पगार. हॉलमधल्या तमाम आयांनी मनातल्या मनात रुपये केले आणि दोन कोटींच्या आसपास जाऊन त्यांचे ओठ हलायचे थांबले. तिसऱ्या स्लाइडवर लंडन: तिथल्या काही अमेरिकन फर्म नव्या कोऱ्या सॉलिसिटरला वर्षाला १,८०,००० पौंड देतात. माझ्या शेजारच्या काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

यातली एकही संख्या खोटी नाही बरं. तीच तर चलाखी! हे पगार आहेत, फक्त ते मिळतात कुणाला ते स्लाइडवर नव्हतं. न्यूयॉर्कच्या त्या फर्मांची भरती मुख्यतः होते तिथली तीन वर्षांची जेडी पदवी घेणाऱ्यांमधून. त्यांना उन्हाळी कामावर घेऊन, पारखून, पदवी हातात पडायच्या आधीच बांधून टाकतात. आपली मुलं जातात एक वर्षाच्या एलएलएमला. हे वर्षसुद्धा म्हणायलाच, खरे महिने नऊ. ऑगस्टमध्ये उतरायचं, बँकेत खातं काढायचं, लायब्ररीचा रस्ता पाठ होतोय तोवर नोकऱ्यांचा हंगाम डोक्यावर. जानेवारीत परदेशी एलएलएमवाल्यांसाठी मुलाखतींचा मेळा भरतो, पण तिथे येणाऱ्या फर्मांपैकी कित्येकांना माणूस हवा असतो तो आपल्या देशात परत जाऊन त्यांचं काम बघणारा. आणि या नऊ महिन्यांची नुसती फी चांगल्या कॉलेजात सत्तर-ऐंशी हजार डॉलर. राहणं-खाणं धरून मामला कोटीच्या घरात. वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट तारण!

काकांनी भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे एलएलएम झालं की तिथे वकिली करता येईल ना?" व्यासपीठावरचा तरुण गोड हसला आणि म्हणाला, "सर, दारं उघडतात." कोणती दारं ते बोलला नाही. म्हणून मी सांगते. या वाटेवर कुलपं तीन आणि किल्ल्या तीन वेगळ्या माणसांच्या कनवटीला. सनदेची किल्ली तिथल्या बार परीक्षकांकडे, नोकरीची फर्मच्या भागीदाराकडे आणि व्हिसाची सरकारकडे. सेमिनारवाला विकतो ती चौथीच किल्ली, कॉलेजच्या फाटकाची!

सनदेचंच घ्या. न्यूयॉर्कच्या नियमात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे. शिक्षण आपल्यासारख्या कॉमन लॉ देशातलं, पुरेशा मुदतीचं आणि तोडीचं असेल तर परदेशी पदवीधर एलएलएम न करताही बारच्या परीक्षेला पात्र ठरू शकतो. आपल्याकडचे कित्येकजण तसे ठरलेही आहेत. आधी कागद पाठवून पात्रता तपासून घ्यायची, एवढंच. कॅलिफोर्निया तर परदेशात सनद असलेल्या वकिलाला एलएलएमशिवाय सरळ परीक्षेला बसू देतं. हे सेमिनारमध्ये सांगितलं तर पिशवी-पेनचा खर्च कसा निघायचा?

परीक्षा मात्र मावशीच्या घरची नव्हे. न्यूयॉर्कला दोन दिवस, दोनशे बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंधवजा उत्तरं, दोन प्रत्यक्ष कामाचे मसुदे आणि ४००पैकी २६६ मिळाले तर पास. स्थानिकांना फी २५० डॉलर, परदेशी पदवीवाल्यांना ७५०. पाहुणचार म्हणतात तो हाच. वर ५० तास गरजूंसाठी विनामूल्य काम केल्याचा दाखला. हे ऐकून आमचा एक ज्युनिअर उडालाच, "पन्नासच? मी तर तीन वर्षं विनामूल्यच करतोय!" त्याला समजावून सांगावं लागलं की सीनियरसाठी फुकट केलेलं काम त्यात धरत नाहीत. आणि कॅलिफोर्नियाच्या बारचं म्हणाल, तर २०२५च्या जुलैची परीक्षा दस्तुरखुद्द किम कार्दशियनही नापास झाली. तिने स्वतःच जाहीर केलं. हे आमच्या बाररूममध्ये दोन दिवस पुरलं.

विलायतेचं प्रकरण आणखी खमंग. २०२१च्या सप्टेंबरात इंग्लंड आणि वेल्सने सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई नावाची परीक्षा आणली. परदेशी वकिलांची आधीची निराळी परीक्षा गेली आणि साहेबाच्या पोराला नि साताऱ्याच्या पोराला एकच पेपर झाला. एलएलएम लागत नाही. नव्या पदवीधराला दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण इथे सनद घेतलेल्या वकिलाला त्यातूनही सूट. झालं! घरात खाटेवर बसून इंग्लंडचा सॉलिसिटर होता येतंय म्हटल्यावर अर्ध्या बारने तोंडाला मास्क लावल्यासारखी चुप्पी धरली आणि पहाटे उठून अभ्यास सुरू केला.

माझी भाची त्यातलीच. दिवसा दिवाणी वकिलाकडे वाटपपत्रं, हक्कसोडपत्रं, फेरफारावरची हरकत. पहाटे साडेचारला इंग्लंडमधल्या नोंदणी झालेल्या आणि न झालेल्या जमिनींचे हक्क. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. तिने मला एक सरावाचा प्रश्न दाखवला. एक बाई घर विकतेय, शेजाऱ्याची मागच्या अंगणातून वहिवाट आहे, बाईचा वेगळा राहणारा नवरा अजून चावी बाळगून आहे, आणि खरेदीदाराने आगाऊ रक्कम सॉलिसिटरकडे जमा केलीय. तर सर्वांत योग्य सल्ला कोणता? मी पाचही पर्याय वाचले. पाचही बरोबर! "मावशी, बरोबर नाही शोधायचं, सगळ्यांत बरोबर शोधायचं," ती म्हणाली. 'टीपा लिहा, कोणत्याही दोन' या बोलीवर पदव्या घेतलेल्या आमच्या पिढीने अशा प्रश्नाला काय करावं? शिवाय अशिलाचे पैसे आणि फर्मचे पैसे वेगळ्या खात्यात कसे लिहायचे, त्यावर व्हॅट कसा लावायचा, हा हिशेबही वकिलानेच शिकायचा. अशिलाचे पैसे वेगळे ठेवायचे, ही कल्पनाच आमच्याकडच्या काहींना फार क्रांतिकारी वाटली.

पहिल्या टप्प्यात पास होतात ते साधारण निम्मे. सहा वर्षांत संधी तीनच. दुसऱ्या टप्प्यात सोळा प्रत्यक्ष कामं: पत्र लिहा, मसुदा करा, अशिलाची मुलाखत घ्या, न्यायाधीशापुढे बाजू मांडा, त्यातल्या तोंडी कामांसाठी विमानाचं तिकीट काढून तिकडेच जावं लागतं. दोन्ही टप्प्यांची फी पावणेपाच हजार पौंडांच्या वर, क्लासचे पैसे निराळे. आणि हे सगळं पार पडलं की मिळते ती सनद. नोकरी नाही. हे वाक्य मी भाचीच्या आईला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तिने "हो, पण लंडन!" एवढंच म्हटलं.

कॅनडावाल्यांची कहाणी सबुरीची. एनसीए नावाची समिती तुमची पदवी तपासते आणि कॅनडाचं संविधान, फौजदारी कायदा, प्रशासकीय कायदा, व्यवसायाची नीती असे पेपर लावते. ते सोडवून दाखला मिळाला, की ज्या प्रांतात राहायचं तिथल्या परीक्षा आणि मग अनेकांना उमेदवारी. म्हणजे नाशिकला दहा वर्षं स्वतःच्या नावाची पाटी मिरवलेला माणूसही ब्रॅम्प्टनला पुन्हा कुणाच्या तरी फायली उचलताना दिसू शकतो! दुबईला जाणारे मात्र शहाणे, गाजावाजा करत नाहीत. तिथल्या २००४ मध्ये उभ्या राहिलेल्या आर्थिक केंद्राला स्वतःचं कोर्ट आहे, कामकाज इंग्रजीत आणि धाटणी कॉमन लॉची. कंपन्यांच्या कायदा विभागात आपली माणसं गुपचूप जाऊन बसतात आणि दिवाळीला खजूर घेऊन येतात.

यात सर्वांत मोठी परीक्षा कोणती, माहितीये? पाकीट! परदेशी परीक्षक म्हणतात, गुणपत्रकांची प्रत विद्यापीठाने सीलबंद पाकिटात थेट आमच्याकडे पाठवावी. न्यूयॉर्कचीही पात्रता तपासून घ्यावी म्हणून भाची आपल्या विद्यापीठाच्या खिडकीशी उभी. आतले काका म्हणाले, "तुमच्याच हातात देतो की. पोस्टाचा खर्च कशाला?" ती म्हणाली, "माझ्या हातात दिलं तर बाद होतं." काका गंभीर झाले. "म्हणजे तुमच्यावर तुमचाच विश्वास नाही?" पुढच्या खेपेला पाकीट तयार होतं, पण सील नव्हतं, कारण सीलवाले साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला सील होतं, पण वर पत्ता मराठीत. "न्यूयॉर्क, अमेरिका" एवढं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. अमेरिकेच्या पोस्टमनला कळायला हवं, नाही का?

बरं, सनद मिळाली, समजा फर्मही राजी झाली. उरलं व्हिसाचं कुलूप. अमेरिकेत एलएलएमनंतर एक वर्ष काम करता येतं. कॉम्प्युटरवाल्यांना त्यापुढे जी दोन वर्षांची वाढ मिळते ती कायदेवाल्यांना नाही. मग एच-वन-बीची सोडत, ८५,००० जागांची, सगळ्या जगाच्या सगळ्या पेशांना मिळून. त्यात २०२५च्या सप्टेंबरात ट्रम्पसाहेबांनी बाहेरून आणायच्या नव्या माणसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसवला. एवढे पैसे भरून सातबारा वाचणारा माणूस कोण बोलावणार? इंग्लंडमध्ये शिकलेल्याला पदवीनंतर दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला दीडच. त्यानंतर नोकरीचा व्हिसा हवा तर पगार सरकारने ठरवलेल्या किमान रकमेइतका तरी असावा लागतो. बड्या फर्मना हे किरकोळ. पण गल्लीतल्या ज्या छोट्या फर्मला गुजराती-मराठी बोलणारा वकील खरंच हवा असतो, तिला तेवढा पगार परवडत नाही. गरज तिथे ऐपत नाही, ऐपत तिथे गरज नाही.

आता आमचे सीनियर मान हलवत म्हणतात, "आमच्या काळी असलं खूळ नव्हतं." नव्हतं? त्यांच्याच केबिनमध्ये भिंतीवर टांगलेल्या फोटोंकडे बघावं जरा! बॅरिस्टर होण्यासाठी तेव्हा लंडनच्या 'इन' नावाच्या वकिली संस्थेत ठरावीक जेवणं जेवावी लागत. अभ्यासाइतकाच तोही नियम. गांधीजी १० जून १८९१ ला बॅरिस्टर झाले, ११ तारखेला हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ला बोटीत बसले. मुंबईत वकिली चालेना. मग १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका भारतीय व्यापारी पेढीने बोलावलं: एक वर्षाचं काम, १०५ पौंड आणि पहिल्या वर्गाचं जाण्या-येण्याचं भाडं. म्हणजे घरी अशील नाही म्हणून परदेशी वकिली शोधणाऱ्यांत पहिला नंबर कुणाचा लागतो ते बघा! त्यांनी तिथल्या नाताळ वसाहतीच्या कोर्टात नाव नोंदवायचं ठरवलं, तर तिथल्या वकिलांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. १८९४ मध्ये कोर्टाने तो फेटाळून त्यांना आत घेतलं, पण पगडी उतरवायला लावूनच.

आणि कॉर्नेलिया सोराबजी? जन्म नाशिकचा, १८६६चा. ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेलेली पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा दिली. विद्यापीठाने पदवी हातात ठेवली १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. आमच्या पाकिटाला लागलेले चार महिने त्यापुढे काय हो! सावरकरांनी तर सगळं पूर्ण केलं आणि १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करून घ्यायलाच नकार दिला. साहेबाच्या दारातली ही फाटकं जुनी आहेत. रंग तेवढा नवा.

पण थांबा, फार नाक मुरडू नका. आपल्या फाटकाचं काय? नव्वदच्या दशकात तीन परदेशी फर्मनी रिझर्व्ह बँकेची परवानगी घेऊन इथे कचेऱ्या उघडल्या, तर प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि २००९ मध्ये निकाल लागला की कोर्टात उभं राहणं सोडाच, सल्ला देणं हीसुद्धा वकिलीच, ती इथली सनद असल्याशिवाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थोडी फट ठेवली: परदेशी वकिलांनी येऊन, आपल्या देशाच्या कायद्याचा सल्ला देऊन, परत जावं. बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम केले, २०२५ मध्ये सुधारले. परदेशी वकील आला तरी कोर्टाच्या कामाला हात लावायचा नाही. लंडनहून एलएलबी करून आलेल्या आपल्याच पोराला इथे सनदेआधी पात्रता परीक्षा द्यावी लागते. म्हणजे नाताळच्या वकिलांनी गांधींना जे केलं, त्याची आपण नियमावली करून ठेवली. त्यांनी केलं की वर्णद्वेष, आपण केलं की व्यवसायाची प्रतिष्ठा!

मग जातात तरी कोण आणि पोचतात कसे? याचीही बातमी काढली आहे मी. बेंगळुरूसारख्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून लंडनच्या बड्या फर्म थेट कॅम्पसवरून मुलं उचलतात. पोरं शिकत असतानाच ठरतं आणि व्हिसाचं फर्मच बघते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण पक्की. दुसरे, मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्मांत चार-पाच वर्षं कर्जरोखे, आंतरराष्ट्रीय लवाद, कंपन्यांची खरेदी-विक्री असली कामं केलेले. त्यांचे बरेच करार आधीपासूनच इंग्लिश कायद्याखालचे असतात, त्यामुळे लंडन, सिंगापूर, दुबईला त्यांना पहिल्या धड्यापासून शिकवावं लागत नाही. तिसरे, कुठेही न जाता जाणारे. २००४ मध्ये मुंबईत पँजिया थ्री नावाची कंपनी निघाली, अमेरिकन फर्मांची कागदपत्रं इथले वकील तपासू लागले. २०१०च्या अखेरीस थॉमसन रॉयटर्सने ती विकत घेतली. आता पुण्यातही असल्या कचेऱ्या आहेत. खाली उतरलं की वडापाव, वर चढलं की टेक्सासचा करार.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला हा ताप चढला असेल तर ओरडू नका, जप करू नका. सल्लागाराला तीनच प्रश्न विचारा. या शिक्षणाने कोणत्या राज्याची, कोणत्या परीक्षेची पात्रता मिळते, आणि ती याविना मिळत नाही का? गेल्या वर्षीच्या भारतीय मुलांपैकी वकील म्हणून कामाला कोण लागलं, आणि कुठे? आणि त्यांचा व्हिसा कोणता? उत्तरादाखल त्याने लाल पानांची झाडं दाखवली, तर अनामत रक्कम पाकिटात परत घाला.

एवढं सगळं झालं, तरी मला काही झोप लागेना. पोरं का निघाली, हे कुणी विचारेना म्हणून. डोकं शांत ठेवून विचारलं, तर उत्तर आमच्याच बाररूममध्ये पडलेलं. २०२४च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं: ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं. सक्ती नाही, शिफारस. तरी काय गहजब झाला म्हणता! "आम्हाला कुणी दिलं होतं?" "शिकायला येतात, वर पैसेही द्यायचे?" एका सीनियरांनी तर मान्य केलं की ते ज्युनिअरला वेळेवर देतात, फक्त ते पेट्रोलचं असतं. अहो, चार-पाच हजारांवर, तेही सणासुदीला, पोरीने वयाच्या तिशीपर्यंत फायली उचलायच्या आणि तिने पहाटे उठून इंग्लंडच्या जमिनींचा कायदा पाठ केला की ती चंगळवादी?

भाची पहिला टप्पा पास झाली. लंडनला गेली नाही, सध्या तरी. बाणेरला एका इंग्लिश कंपनीचे करार तपासते, पगार तिच्या जुन्या सीनियरांनी ऐकला तेव्हा त्यांनी "महिन्याचा?" असं दोनदा विचारलं. त्यांना आता नवा ज्युनिअर हवाय. बाररूमच्या फळ्यावर त्यांची चिठ्ठी लागली आहे: 'होतकरू, कष्टाळू ज्युनिअर पाहिजे. दिवाणी काम, मराठी टायपिंग आवश्यक. मानधन: अनुभव.' आणि खाली कुणा द्वाड पोराने बॉलपेनने विचारलंय: 'अनुभव डॉलरमध्ये की रुपयांत?'